एक जागा, चार लेन्स, एक डोळा: यथार्थदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

लोकांना काय दाखवायचं ते आज पक्कं झालं. ‘वाइड (रुंद दृश्य घेणारी) लेन्स पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे यथार्थदर्शन, ताणते, टेली (लांबचं जवळ आणणारी) लेन्स दाबते’ हे वाक्य फोटोग्राफीच्या वर्गात सर्रास ऐकू येतं आणि ते अर्धवट आहे. जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या किती पट मोठी येणार, हे कॅमेरा कुठे उभा आहे एवढ्यावरच ठरतं. त्या दृश्याचा केवढा तुकडा घ्यायचा, ते लेन्स ठरवते. मग वाइडचा फोटो ताणलेला का वाटतो? कारण आपण तो फार लांबून पाहतो. आणि टेलीचा फोटो चपटा वाटतो, कारण तो फार जवळून पाहतो.

हिशेब सोपा आहे. पाहण्याचं योग्य अंतर = फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) × प्रिंट सेन्सरच्या किती पट. त्या अंतरावर डोळा ठेवला की प्रिंटवरचा प्रत्येक बिंदू डोळ्याशी तोच कोन करतो, जो मूळ वस्तूने लेन्सशी केला होता. ३६×२४ मिमी सेन्सरचा फोटो १२ पट मोठा छापला, तर २४ मिमी लेन्सचा फोटो २८८ मिमीवरून पाहायचा, ५० चा ६०० वरून, १०० चा १२०० वरून आणि २०० चा २४०० वरून.

दोन मालिका करायच्या. पहिलीत कॅमेरा हलवायचा नाही, फक्त लेन्स बदलायची. दुसरीत पुढची वस्तू फ्रेममध्ये तेवढीच ठेवून कॅमेरा मागे नेत जायचं. पहिल्या मालिकेच्या प्रिंट अशा आकाराच्या करायच्या की चारही फोटोंचं योग्य अंतर १२०० मिमीच येईल. म्हणजे २४ मिमीचा फोटो ५० पट, ५० चा २४ पट, १०० चा १२ पट, २०० चा ६ पट. सगळ्यात मोठा १८००×१२०० मिमी, सगळ्यात छोटा २१६×१४४.

रविवार, १० नोव्हेंबर

मैदानावरची मांडणी. वस्तू म्हणून सर्व्हेवाल्यांचे लाल-पांढरे रेंजिंग रॉड घेतले. २ मीटर उंच, पट्टी २० सेंमीची, म्हणजे एका रॉडवर १० पट्ट्या. मोजायला याहून सोयीचं काही नाही. झाड किंवा दिव्याचा खांब घेतला असता तर उंची मोजण्यातच दिवस गेला असता.

रॉड अ लेन्सपासून १० मीटरवर, ब १५ वर, क ३० वर. तिन्ही एका रेषेत ठेवले तर एकमेकांमागे लपतात. म्हणून अ मध्यरेषेच्या ४० सेंमी डावीकडे, ब मध्यावर, क १.२ मीटर उजवीकडे. २०० मिमीची फ्रेम १० मीटरवर जेमतेम १.८ मीटर रुंद असते, त्यातही तिन्ही बसतात. अंतर रॉडच्या पायथ्यापर्यंत तिरकं मोजायचं नाही, मध्यरेषेवर मोजायचं आणि तिथून काटकोनात बाजूला जायचं.

तीन अडचणी आल्या. कापडी टेप ३० मीटरला झोळ पडून जास्त अंतर दाखवत होता, म्हणून स्टीलचा टेप जमिनीवर सपाट ठेवून मोजलं. रॉड डोळ्याच्या अंदाजाने उभे केले होते. ओळंबा लावल्यावर क चं टोक ६ सेंमी कललेलं निघालं. मैदानाला उतार होता. क चा पायथा १४ सेंमी खाली होता, त्याखाली विटा आणि फळकुट घालून तो वर घेतला.

लेन्सची उंची १ मीटर, म्हणजे रॉडच्या बरोबर निम्म्यावर. कॅमेरा दोन्ही बाजूंनी लेव्हल. इथे हयगय चालत नाही. कॅमेरा २ अंश खाली वाकला तर २४ मिमी लेन्सवर क्षितिज सेन्सरवर ०.८४ मिमी सरकतं आणि ५० पट प्रिंटवर ते ४२ मिमी होतं. शिवाय उभे रॉड एकमेकांकडे झुकतात.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस एंट्रन्स प्युपिलवर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

लेन्स पुढून पाहिली की आत अ‍ॅपर्चरचं जे गोल भोक दिसतं, ते जिथे असल्याचा भास होतो ती जागा म्हणजे एंट्रन्स प्युपिल. दृश्याचे सगळे किरण तिथे एकत्र येतात असं धरून पर्स्पेक्टिव्ह ठरतो. म्हणून ‘कॅमेऱ्यापासूनचं अंतर’ सेन्सरवरून किंवा ट्रायपॉडच्या स्क्रूवरून नाही, इथून मोजायचं. लेन्स बदलली की ही जागा पुढेमागे होते. आमच्या चार लेन्समध्ये सगळ्यात पुढची आणि सगळ्यात मागची यांत ६ सेंमी फरक निघाला.

६ सेंमी ऐकायला किरकोळ वाटतं. पण अ रॉड १० ऐवजी ९.९४ मीटरवर गेला की १२०० मिमीवरून पाहायच्या प्रिंटवर त्याची उंची २४० ऐवजी २४१.४ मिमी येते. एका प्रिंटवर दुसरी ठेवली की दीड मिमीची पायरी दिसणार. चेहऱ्याच्या फोटोत, अर्ध्या मीटरवर, हेच ६ सेंमी १२ टक्के होतात.

शोधायची पद्धत: कॅमेरा मॅक्रो रेलवर, म्हणजे त्याला मोजून पुढेमागे सरकवणाऱ्या पट्टीवर. लेन्ससमोर ६० सेंमीवर ओळंब्याचा दोरा टांगायचा आणि त्याच्या मागे लांबवर इमारतीची उभी कड पाहायची. दोरा कडेला चिकटलेला दिसेल असं जुळवायचं, मग ट्रायपॉडचं डोकं डावी-उजवीकडे फिरवायचं. दोरा आणि कड एकमेकांपासून सुटले तर प्युपिल फिरण्याच्या अक्षावर नाही. डोकं फिरवल्यावर दोरा कडेच्या मानाने डोक्याच्याच दिशेने सरकला तर कॅमेरा रेलवर पुढे घ्यायचा, उलट दिशेने सरकला तर मागे. प्रत्येक लेन्सचा रेलवरचा आकडा मार्करने लेन्सच्या टोपणावर लिहून ठेवला.

झूम लेन्सवर ही जागा फोकल लेन्थ बदलली की बदलते, फोकस बदलला तरी थोडी सरकते. म्हणून २०० मिमीसाठी घेतलेला झूम २०० वर आणि फोकस १५ मीटरवर ठेवून तपासलं, मग दोन्ही रिंगांना चिकटपट्टी लावली.

रविवार, १७ नोव्हेंबर

पहिली मालिका पूर्ण. सकाळी साडेसातला सुरुवात. नऊनंतर ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि २०० मिमीवर क रॉडच्या पट्ट्यांच्या कडा लाटांसारख्या येतात.

सेन्सर ६०००×४००० पिक्सेलचा, म्हणजे १ मिमीला १६६.७ पिक्सेल. रॉडची मोजलेली उंची, अ, ब, क या क्रमाने:

२४ मिमी: ८१२, ५४१, २७० पिक्सेल.
५० मिमी: १७२७, ११५१, ५७६.
१०० मिमी: ३३१७, २२११, ११०५.
२०० मिमी: रॉड फ्रेममध्ये पुरा मावत नाही, म्हणून एकाच पट्टीची उंची: ६४०, ४२७, २१३.

प्रत्येक ओळीत ब हा अ च्या दोन तृतीयांश आणि क हा अ च्या एक तृतीयांश. १०, १५ आणि ३० मीटरचं हेच गुणोत्तर. लेन्स आठपट बदलली तरी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत ते हललं नाही.

याच आकड्यांतून लेन्सची खरी फोकल लेन्थही कळते. २४ वाली २४.४ निघाली, ५० वाली ५१.८, १०० वाली ९९.५. झूम १० मीटरवरच्या रॉडसाठी २०० ऐवजी १९२ इतकंच काम करत होता. जवळ फोकस केल्यावर झूमची फोकल लेन्थ घटणं नेहमीचंच आहे. लेन्सवरचा आकडा गोल केलेला असतो, तो गणितात जसाच्या तसा घालू नये.

२०० मिमीला अ ते क सगळं शार्प ठेवणं अवघड. नेहमीच्या निकषाने (सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा ब्लर शार्प धरायचा) एफ २२ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर अगदी बारीक करूनसुद्धा, १० ते ३० मीटर बसत नाही. पण तो निकष नेहमीच्या आकाराची प्रिंट नेहमीच्या अंतरावरून पाहण्यासाठी आहे. आपली प्रिंट फक्त ६ पट आणि पाहायची १.२ मीटरवरून. फोकस बरोबर ब रॉडवर ठेवला, कारण १० आणि ३० चं हार्मोनिक मध्य (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) १५ येतं आणि तिथे फोकस केला की अ आणि क सारखेच मऊ होतात. एफ २२ ला दोन्हीचा ब्लर सेन्सरवर ०.०६१ मिमी, प्रिंटवर ०.३७ मिमी. १.२ मीटरवरून डोळा साधारण ०.३५ मिमीचा फरक ओळखतो. तेव्हा चालतं. पाहण्याचं अंतर आधी ठरवलं की डेप्थ ऑफ फील्डचा (कुठून कुठपर्यंत शार्प दिसतं याचा) प्रश्नही सुटा राहत नाही, हे या निमित्ताने पुन्हा ध्यानात आलं.

२४ मिमीच्या फ्रेममध्ये उजव्या बाजूला एक फुटबॉल ठेवला आहे. स्टुलावर, लेन्सच्या उंचीला, ३ मीटर खोल आणि मध्यरेषेपासून २ मीटर बाजूला. तो कशासाठी ते पुढे. त्याच्यासाठी फोकस साडेपाच मीटरवर, एफ ११.

रविवार, २४ नोव्हेंबर

दुसरी मालिका. आता अ रॉड प्रत्येक फोटोत सेन्सरवर २० मिमी उंच ठेवायचा आणि त्याच्या ५ मीटर मागे ब. २४ मिमीने २.४ मीटरवरून, ५० ने ५ मीटरवरून, १०० ने १० वरून, २०० ने २० वरून. लेन्सची खरी फोकल लेन्थ वेगळी असल्याने जागा थोडी पुढेमागे करून अ बरोबर ३३३३ पिक्सेलवर आणला.

ब ची उंची अ च्या मानाने: २४ मिमीला ३२ टक्के, ५० ला ५० टक्के, १०० ला ६७, २०० ला ८०. पर्स्पेक्टिव्ह बदलला, आणि तो पाय हलवल्यामुळे बदलला. ‘लेन्सने केलं’ असं वाटतं, कारण आपण लेन्स बदलली की सवयीने जागाही बदलतो.

२०० मिमीला फोकस अ वर न ठेवता २२ मीटरवर ठेवला, एफ ११. अ वर ठेवला असता तर शार्प पट्टा २४ मीटरवर संपला असता आणि २५ वरचा ब मऊ आला असता.

बुधवार, २७ नोव्हेंबर

छपाई. विधानसभेचा निकाल लागेपर्यंत फ्लेक्सवाल्यांची मशीन भरलेली होती, आता वेळ मिळाला.

फाइल तयार करताना: लेन्सचं डिस्टॉर्शन करेक्शन चालू, कारण वाइड लेन्सच्या फुगवट्याने सरळ रेषा वाकल्या तर पुढचा सगळा हिशेब कोसळतो. उभ्या रेषा आपोआप सरळ करणारी सोय मात्र बंद. ती चित्राचा केंद्रबिंदू सरकवते. क्रॉप करायचा नाही. करावाच लागला तर चारही बाजूंनी सारखा, म्हणजे डोळ्यासमोरचा बिंदू मध्यावरच राहील.

पहिली खेप वाया गेली. लॅबने १२×१८ इंची प्रिंट बॉर्डरशिवाय काढली, आणि बॉर्डरलेस छपाईत मशीन कागदाच्या कडेला पांढरं राहू नये म्हणून चित्र थोडं मोठं करून बाहेर सोडतं. अ रॉडची एक पट्टी २४ मिमी यायला हवी होती, २४.५ आली. दोन टक्के. पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, पण एकावर एक ठेवल्यावर लगेच कळेल.

मग पद्धतच बदलली. फोकल लेन्थ, सेन्सर, पट, सगळं बाजूला ठेवलं. कॅमेरा १० मीटरवर, डोळा १.२ मीटरवर, म्हणून १० मीटरवरची वस्तू प्रिंटवर ०.१२ पट यायला हवी. २० सेंमीची पट्टी २४ मिमी. बस. प्रत्येक फाइल अ रॉडची एक पट्टी बरोबर २४ मिमी होईपर्यंत लहान-मोठी केली आणि पांढरी बॉर्डर ठेवून ‘आहे त्या मापात’ छापायला दिली. १०० मिमीचं चित्र ४३४×२८९ मिमी, १२×१८ इंची कागदावर. ५० मिमीचं ८३४×५५६, २४×३६ इंचावर. २०० मिमीचं २२५×१५०, ८×१२ वर. २४ मिमीचं १७७३×११८२, ६ बाय ४ फुटी फ्लेक्सवर. फ्लेक्सवर १ मिमीत जेमतेम साडेतीन पिक्सेल येतात, जवळून दाणे दिसतात. १.२ मीटरवरून दिसत नाहीत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

फ्लेक्स आयलेट मारून फ्रेमवर ताणला तर मधल्या पट्ट्या २४ आणि कडेच्या २४.३ मोजल्या. ताण सगळीकडे सारखा बसत नाही. तो काढून ८ बाय ४ फुटी सनबोर्डच्या शीटवर चिकटवणारा व्हायनिल प्रिंट घेतला. मॅट लॅमिनेशन. ग्लॉसीवर खिडकीचं प्रतिबिंब आलं की डोळ्याला लगेच समजतं की समोर सपाट पृष्ठभाग आहे, आणि खोलीचा भास मोडतो.

मग स्टीलची पट्टी घेऊन चारही प्रिंटवर बसलो. अ ची एक पट्टी: २४ मिमी, चारही ठिकाणी. ब ची: १६. क ची: ८. सहा फुटी प्रिंटवरही ८ आणि सगळ्यात छोट्या प्रिंटवरही ८.

५० ची प्रिंट बॉर्डर कापून वाइडच्या मधोमध ठेवली, त्यावर १०० ची, त्यावर २०० ची. रॉड एका प्रिंटमधून दुसरीत सरळ चालत जातात. मधला २०० चा तुकडा जास्त स्वच्छ आहे एवढाच फरक. गोधडीतलं ठिगळ जुळावं तशी जुळली. १०० आणि ५० च्या सीमेवर अर्धा मिमीची पायरी राहिली आहे, ती ५० वालीच्या रेलचा आकडा वाचताना झालेली चूक आहे. पुन्हा शूट करणार नाही, पण नोंद राहू द्या.

रविवार, ८ डिसेंबर

पाहण्याचं भोक. ६ मिमी प्लायमध्ये ८ मिमीचं भोक पाडलं आणि ते चुकलं. डोळा भोकापासून १५ मिमी तरी मागे राहतो, आणि १८०० मिमीचं चित्र १२०० मिमीवरून पाहायला दोन्ही बाजूंना ३७ अंश मोकळे लागतात. छोट्या भोकातून मधला भागच दिसत होता. आता १ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात २५ मिमीचं भोक, कडा घासून, आतली बाजू मॅट काळी. पत्रा ११८५ मिमीवर, म्हणजे डोळा १२०० वर. भोक आणि प्रिंटचा मध्य दोन्ही जमिनीपासून १५० सेंमी, मुलांसाठी खाली ठेवायला चौरंग.

एकच डोळा का? दोन्ही उघडे असले की दोन डोळ्यांच्या चित्रांत फरक नाही हे मेंदूला कळतं आणि प्रिंट सपाट वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल झाइस या जर्मन लेन्स कंपनीतल्या मोरित्झ फॉन रोर यांनी एकच फोटो योग्य अंतरावरून एका डोळ्याने पाहण्यासाठी ‘व्हेरांट’ नावाचं भिंग याच कारणाने बनवलं होतं. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, फ्लॉरेन्समध्ये वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने बाप्टिस्टरीचं (बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचं) चित्र फळीच्या भोकातून आरशात पाहायला लावलं होतं. आमचा पत्रा त्याच घराण्यातला.

आता फुटबॉल. प्रिंटवर तो ८८ मिमी उंच आणि १०६ मिमी रुंद आहे. अंडाकृती, शंका नको. याला लोक ‘वाइडचं डिस्टॉर्शन’ म्हणतात, पण लेन्सने काहीच चूक केलेली नाही. सपाट पडद्यावर कडेच्या गोलाचं चित्र लांबोळकंच पडतं. मध्यापासून ३३.७ अंशांवर ते १.२ पट लांब होतं. भोकातून पाहिल्यावर तोच डोळा त्या कडेकडे तितक्याच तिरक्या कोनातून बघतो, लांबी आक्रसते आणि चेंडू गोल होतो. पत्रा बाजूला करून तीन मीटर मागे गेलं की पुन्हा अंडं. ग्रुप फोटोत टोकाला उभा असलेला माणूस जाड का येतो, त्याचं उत्तर हेच. त्याला मध्याकडे घ्या किंवा मागे सरकून लांब लेन्स लावा.

बुधवार, ११ डिसेंबर

दुसऱ्या मालिकेच्या प्रिंट, सगळ्या १२ पट. आधी चारही ६०० मिमीवरून पाहिल्या. ५० ची नैसर्गिक. २४ ची प्रिंट ६०० वर म्हणजे योग्य अंतराच्या दुपटीवर, भूमितीनुसार रॉडमधले ५ मीटर १० मीटरहून थोडे जास्त वाटायला हवेत. २०० ची योग्य अंतराच्या पाव अंतरावर, तिथे तेच ५ मीटर सव्वा मीटर होतात. प्रत्यक्षात फरक इतका टोकाचा वाटत नाही, कारण ओळखीच्या वस्तू आणि प्रिंटची चौकट मेंदूला सावरून घेतात. पण दिशा तीच. मग प्रत्येक प्रिंट आपापल्या अंतरावर नेली: २८८, ६००, १२००, २४००. ताण आणि दाब दोन्ही गेले.

२८८ मिमीवर एक व्यावहारिक अडचण आहे. पंचेचाळिशीपुढच्या बऱ्याच जणांना तिथे चश्म्याशिवाय फोकस होत नाही. भोकाशेजारी +३.५ चं वाचनाचं भिंग टांगून ठेवलं.

लोक स्वतःहून कुठे उभे राहतात? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या कूपर, पियाझा आणि बँक्स यांच्या २०१२ च्या अभ्यासात आढळलं की माणसं अंतर चित्राच्या आकारावरून ठरवतात, लेन्सवरून नाही. साधारण चित्राच्या कर्णाएवढं किंवा थोडं जास्त. ३६×२४ सेन्सरचा कर्ण ४३.३ मिमी. म्हणून ५० च्या आसपासची लेन्स ‘नॉर्मल’ वाटते. त्यात लेन्सचा काही खास गुण नाही, आपली उभं राहण्याची सवय तिच्याशी जुळते इतकंच.

मोबाइलचा हिशेब फलकावर घालायचा आहे. मुख्य कॅमेरा २६ मिमीच्या तोडीचा, स्क्रीनवर चित्र ७०×९३ मिमी, कर्ण ११६. सेन्सरच्या २.७ पट. योग्य अंतर ७० मिमी, आणि आपण धरतो ३०० वर. ७० मिमीवर डोळा फोकसच करू शकत नाही. हातभर अंतरावरून, म्हणजे ५० सेंमीवरून काढलेल्या सेल्फीत नाकाच्या शेंड्यामागे कान १२ सेंमी असला तर नाक कानाच्या मानाने २४ टक्के मोठं येतं. दीड मीटरवरून काढला तर ८ टक्के. म्हणून फोन कुणाच्या तरी हातात द्या, दीड-दोन मीटर मागे जा आणि झूम करा. पिक्सेल कमी पडतील, चेहरा ओळखीचा येईल.

शनिवार, १४ डिसेंबर

मांडणी पक्की. व्हायनिलच्या मध्यावर ५०, १०० आणि २०० च्या प्रिंट मॅग्नेटवर, हाताने काढता-लावता येतील अशा. सनबोर्ड ५ मिमी जाड असल्याने वरच्या प्रिंट तेवढ्या पुढे येतात, म्हणून त्या नुसत्या कागदावर ठेवल्या आणि मागे पातळ लोखंडी पत्रा लावला. शेजारी दोरीने बांधलेली स्टीलची पट्टी, २४ मिमीवर लाल खूण. दिवे छतावरून ४५ अंशांत, भोकाच्या बाजूने नाही. जमिनीवर ५० सेंमी, १.२ मीटर आणि ४ मीटरवर पांढऱ्या पट्ट्या मारल्या. उरलेलं काम: चौरंगाखाली रबर, तो घसरतो.